बहिणीसाठी लॅपटॉप घ्यायचाय: रायझन ५ ७५२०यू की आय ३ १२१५यू? बजेट ४० हजार

बार्शीचा_दादा

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच विचारतोय, लिहिणं जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या बहिणीला पुण्यात बी.कॉम.ला ऍडमिशन मिळालीय, हॉस्टेलवर राहणार आणि सोबत सीए फाउंडेशनचा क्लास पण लावलाय. आमच्या घरात आजपर्यंत लॅपटॉप आलेला नाही, माझं खताचं दुकान आहे तिथे एक जुना कॉम्प्युटर आहे त्यावर टॅली आणि बिलं एवढंच चालतं, त्यामुळे मला यातलं फार कळत नाही. बजेट ओढूनताणून ४० हजार, त्याच्या वर खरंच जमणार नाही कारण हॉस्टेलची फी आणि मेसचं डिपॉझिट एकाच महिन्यात आलंय.

परवा सोलापूरला जाऊन दोन दुकानं फिरलो. एकाने रायझन ५ ७५२०यू प्रोसेसरचा दाखवला, ८ जीबी रॅम ५१२ एसएसडी, ३८,५०० सांगितले. दुसऱ्याने आय ३ १२१५यू, रॅम आणि एसएसडी तेवढंच, ३७ हजार. पहिला म्हणतो अहो हा ५ आहे तो ३ आहे, मोठा कुठला तुम्हीच सांगा, आणि याचा नंबर सात हजारातला म्हणजे एकदम लेटेस्ट. दुसरा म्हणतो इंटेलच घ्या, डोळे झाकून घ्या. का घ्यायचा ते दोघांपैकी एकालाही नीट सांगता आलं नाही. तिसरीकडे मामेभाऊ म्हणतोय की नवीन कशाला, कंपनीतून निघालेला जुना आय ५ वीस हजारात मिळतो.

तिचा वापर म्हणजे एक्सेल, टॅली प्राइम, क्लासची रेकॉर्डेड लेक्चर, झूम, पीडीएफ, थोडं मराठी टायपिंग. गेम नाही, व्हिडिओ एडिटिंग नाही. पण एकदा घेतला की चार-पाच वर्षं चालला पाहिजे, मधेच बदलून देणं मला परवडणार नाही. तिने बारावीला मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर अभ्यास केलाय हो, आता तरी तिला नीट वस्तू मिळावी असं वाटतं. कृपया समजावून सांगा.

नाशिक_रिपेअर

दादा, तुम्ही विचारून घेताय हे बरं केलं. मी लॅपटॉप रिपेअरिंगच करतो, रोज हे सगळे उघडून बघतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, ३ मोठा की ५ मोठा हे एकाच कंपनीच्या एकाच पिढीत बघायचं असतं. आय ३ इंटेल कंपनीचा, रायझन एएमडीचा. इंटेलचा ३ आणि एएमडीचा ५ समोरासमोर ठेवून काहीच कळत नाही. आणि एएमडीच्या ७००० मालिकेत तर एकाच कंपनीतही फसायला होतं. त्या चार आकड्यांचा अर्थ असा आहे की पहिला आकडा वर्षाचा, ७ म्हणजे २०२३ ची मॉडेल. दुसरा आकडा दर्जाचा. आणि तिसरा आकडा आत कुठल्या पिढीची रचना आहे त्याचा, खरी गोष्ट इथे लिहिलेली असते. ७५२० मध्ये तिसरा आकडा २ आहे, म्हणजे झेन २, जी रचना २०१९ साली आली. चिप २०२२ च्या शेवटी बाजारात आली हे खरं, पण आतला सांगाडा त्याच्या तीन वर्षं आधीचा. चार कोअर आठ थ्रेड, म्हणजे काम करणारे हात चार आणि एकदम हाताळता येणारी कामं आठ. त्याच्याच खालचा रायझन ३ ७३२०यू बघा, तोही झेन २, तोही चार कोअर आठ थ्रेड, फरक फक्त थोड्या स्पीडचा, ४.१ ऐवजी ४.३ गिगाहर्ट्झ. म्हणजे तो ५ आकडा बघून हुरळून जाऊ नका.

आता ७५३०यू घ्या, दिसायला एका आकड्याचा फरक, पण तिसरा आकडा ३ झाला म्हणजे झेन ३, आणि कोअर सहा, थ्रेड बारा. हा तुमच्या बजेटमध्ये कुठे मिळाला तर मग विषयच संपला, तोच घ्या. दुकानदार घाईत बोलताना पंच्याहत्तर वीस की पंच्याहत्तर तीस ते कानावर नीट पडत नाही, म्हणून स्टिकरवर नका जाऊ, स्क्रीनवर नंबर बघा.

१२१५यू ही इंटेलची १२ वी जनरेशन, २०२२ ची. यात दोन मोठे कोअर आणि चार छोटे, असे सहा, थ्रेड आठ. मोठे कोअर जोरदार आहेत, ४.४ पर्यंत जातात, आणि झेन २ पेक्षा एका कोअरचं काम चांगलंच पटकन करतात. तुमच्या बहिणीच्या वापरात हेच जास्त लागतं, कारण एक्सेलची फाईल उघडणं, टॅलीत व्हाउचर टाकून पुढच्यावर जाणं, ब्राउझरमध्ये पान उघडणं, ही सगळी कामं बऱ्याच अंशी एका कोअरच्या जोरावर चालतात, सगळे कोअर एकदम कामाला लागतात असं क्वचित होतं.

दुसरी गोष्ट मला प्रोसेसरपेक्षाही मोठी वाटते. ७५२०यू ला एलपीडीडीआर५ रॅमच लागते आणि ती बोर्डवर सोल्डर केलेलीच असते. म्हणजे ऑनबोर्ड. ८ जीबी घेतला तर तो शेवटपर्यंत ८ जीबीच, कितीही पैसे दिले तरी वाढत नाही. माझ्याकडे लोक येतात, दोन वर्षांपूर्वीचा लॅपटॉप असतो, हँग होतोय म्हणतात, रॅम टाकून द्या म्हणतात, आणि मी उघडून बघतो तर स्लॉटच नाही, म्हणजे रॅमची पट्टी बसवायची जागाच नाही. त्या वेळी समोरच्या पोराचा चेहरा बघवत नाही, कारण आईवडिलांनी हप्त्यावर घेतलेला असतो. १२१५यू च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये स्लॉट असतो पण सगळ्यात असतोच असं नाही, तेव्हा हेही बघूनच घ्या.

बघायचं कसं ते सांगतो. दुकानात चालू असलेल्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स मध्ये जा. सीपीयू वर क्लिक केलं की उजवीकडे वर प्रोसेसरचं पूर्ण नाव येतं. मग मेमरी वर क्लिक करा, खाली स्लॉट्स युज्ड आणि फॉर्म फॅक्टर दिसतं. फॉर्म फॅक्टर समोर रो ऑफ चिप्स लिहिलं असेल तर ऑनबोर्ड, एसओडीआयएमएम लिहिलं असेल तर स्लॉटमधली. एक मिनिटाचं काम आहे, लाजू नका, पैसे आपण देतोय.

निळी_शाई

मला इथे थोडं वेगळं सांगायचंय. मी बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझ्याकडे ७५२०यू च आहे, पण १६ जीबी वाला. मी त्यावर आर, पायथन, शंभर-दोनशे पानांचे पीडीएफ, वीस-पंचवीस टॅब, सगळं करते आणि मला कुठे अडलेलं नाही. बॅटरी कॉलेजचा पूर्ण दिवस निघते, फॅनचा आवाज लायब्ररीत शेजारच्याला येत नाही, आणि वजन पण कमी आहे. त्यामुळे तो प्रोसेसर वाईट आहे असं कृपया दादांच्या मनात बसू देऊ नका. रोजच्या अभ्यासाला तो पुरतो.

पण रिपेअरवाल्या दादांचं रॅमबद्दलचं शंभर टक्के बरोबर आहे. माझ्या रूममेटकडे ८ जीबीचा आहे, आम्ही दोघी एकदम झूमला बसतो, तिने सोबत क्रोम आणि पीडीएफ उघडलं की माउस अडकायला लागतो. विंडोज ११ स्वतःच सुरुवातीला तीन-चार जीबी घेऊन बसतं, उरलेल्यात सगळं भागवायचं. म्हणून माझं म्हणणं असं की ७५२०यू घ्यायचा तर १६ जीबीचाच घ्या, ८ जीबीचा अजिबात घेऊ नका. तो तुमच्या बजेटमध्ये बसत नसेल तर मग स्लॉटवाला आय ३.

वाणिज्य_मॅडम

मी अकाउंटन्सी शिकवते, आणि दरवर्षी जून-जुलैमध्ये पालक मला हेच विचारतात, म्हणून माझ्या बाजूने सांगते.

प्रोसेसरचं वरच्या दोघांनी सांगितलंय, मी त्यात भर घालणार नाही. पण बी.कॉम. आणि सीएच्या मुलीसाठी घेताय तर कीबोर्डच्या उजव्या बाजूला वेगळे आकडे आहेत का ते बघा. १५.६ इंची लॅपटॉपवर बहुतेक वेळा असतात, १४ इंचीवर सहसा नसतात. टॅलीत आणि एक्सेलमध्ये दिवसाला शेकडो आकडे टाकायचे असतात, वरच्या ओळीतले आकडे शोधत बसलं की वेग निम्मा होतो आणि चुकाही होतात. हा मुद्दा मला तरी दोन प्रोसेसरमधल्या फरकाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

दुसरं, टॅली प्राइम हे विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर आहे. कोणी स्वस्तात क्रोमबुक दाखवलं तर ते आपल्या कामाचं नाही.

तिसरं अगदी कळकळीने सांगते. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाला घरच्यांनी दोन कोअरचा, ४ जीबी रॅमचा आणि ६४ जीबी स्टोरेजचा लॅपटॉप घेऊन दिला. वीस हजारांच्या आत मिळाला म्हणून सगळे खूश होते. विंडोज ११ ची किमान अट नेमकी तेवढीच आहे, ४ जीबी आणि ६४ जीबी, म्हणून विकताना विंडोज ११ चालतं असं सांगितलं ते खोटं नव्हतं. पण पहिला मोठा अपडेट आला आणि जागाच संपली. ते स्टोरेज ईएमएमसी प्रकारचं, बोर्डवर चिकटवलेलं, काढून मोठं टाकता येत नाही. तो मुलगा प्रॅक्टिकलला दहा मिनिटं आधी येऊन लॅपटॉप चालू करून ठेवायचा, म्हणजे तास सुरू होईपर्यंत तो तयार होईल. हुशार मुलगा आहे, पण वर्षभर त्याची निम्मी शक्ती त्या मशीनशी झगडण्यात गेली. तेव्हा तुमचं बजेट आणखी कमी झालं तरी दोन कोअर आणि ईएमएमसीच्या वाटेला जाऊ नका, त्यापेक्षा चांगला सेकंडहँड बरा.

हिंजवडी_रिटर्न

सेकंडहँडचा विषय निघालाच आहे तर मामेभावाची बाजू मी घेतो, कारण माझं स्वतःचं कॉलेज रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून परत विकलेल्या जुन्या लॅपटॉपवर झालंय.

कंपन्या लीज संपली की लॅपटॉप काढून टाकतात, ते बिझनेस मॉडेल असतात, बॉडी मजबूत, कीबोर्ड उत्तम, रॅमला बऱ्याचदा स्लॉट. पण त्यात एक रेघ आखून घ्या, इंटेलची ८ वी जनरेशन आणि त्याच्या पुढेच. कारण ६ वी आणि ७ वी विंडोज ११ च्या यादीत बसत नाही (७ वीतले अगदी मोजके सोडले तर), आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. जे लॅपटॉप १२-१५ हजारात आय ५ म्हणून विकायला ठेवलेत ते बरेचसे ६ वी-७ वी वालेच असतात, दोन कोअर चार थ्रेडचे, जसं ६३००यू किंवा ७२००यू. आय ५ नाव बघून घेतलं आणि नंतर कळलं की अपडेटच नाही, असं व्हायला नको. ८ व्या जनरेशनपासून, म्हणजे ८२५०यू, ८३५०यू, यात चार कोअर आठ थ्रेड मिळतात.

मला विचाराल तर ११ वी जनरेशन आय ५ ११३५जी७ मिळत असेल १६ जीबी सकट तर तो बेस्ट सौदा. आणि बॅटरी तपासल्याशिवाय घेऊ नका. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाईप केलं की एक फाईल तयार होते, त्यात डिझाईन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नवीन बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा.

पण एक प्रामाणिकपणे सांगतो, तुम्ही बार्शीला, बहीण हॉस्टेलवर, आणि घरात लॅपटॉपमधलं कळणारं कोणी नाही. अशा वेळी बिघडला तर तिने एकटीने कुठे धावायचं? वॉरंटीवाला नवीन घेणं तुमच्यासाठी जास्त सोयीचं आहे असं मला वाटतं. मला तेव्हा दुरुस्त करून देणारा मित्र शेजारच्याच खोलीत होता.

बार्शीचा_दादा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. मी काल परत सोलापूरला गेलो आणि टास्क मॅनेजर उघडून बघितला. रायझनवाल्यात खरंच रो ऑफ चिप्स आलं, आणि १६ जीबीचा त्यांच्याकडे ४४ हजारांना आहे, म्हणजे तो गेला हातातून. आय ३ मध्ये स्लॉट्स युज्ड १ ऑफ २ आलं, एसओडीआयएमएम. कीबोर्डवर उजवीकडे आकडे आहेत, मॅडम, ते पण बघितलं.

आता नवीन घोळ असा की त्याच दुकानात अजून दोन दाखवले. एक आय ३ एन३०५, आठ कोअर म्हणे, ३३ हजार. आणि एक आय ५ १२४५०एच, ८ जीबी, ४१,५०० पर्यंत देतो म्हणाला. सहा कोअरपेक्षा आठ कोअर चांगले ना? आणि आय ५ साठी अजून दीड हजार कुठून तरी उभे करू का?

नाशिक_रिपेअर

एन३०५ मध्ये आठ कोअर आहेत हे खरं पण आठही छोटे, मोठा एकही नाही. म्हणजे १२१५यू मध्ये जे चार छोटे मदतीला ठेवलेत तसे आठ, आणि पुढे होऊन ओढणारा कोणी नाही. शिवाय त्याला रॅमचं एकच चॅनल आहे, म्हणजे रॅमकडे जायला एकच रस्ता. हलक्या वापराला चालतो, आपल्याकडे कॉलेजच्या असाइनमेंट करणारी पोरं वापरतात, पण चार-पाच वर्षांचा विचार असेल तर ३३ आणि ३७ मधले चार हजार १२१५यू मध्ये घाला. त्याच कुळातला एन१०० पण दाखवतील, चार छोटे कोअर, तो तर याच्याही खाली.

१२४५०एच चांगला आहे, त्यात चार मोठे आणि चार छोटे. पण शेवटचं अक्षर बघा. यू म्हणजे मूळ हिशोब १५ वॅटचा, एच म्हणजे ४५ वॅटचा. जोर लावला की जास्त वीज खातो, जास्त तापतो, फॅन जास्त फिरतो, आणि स्वस्त मॉडेलमध्ये बॅटरी छोटीच दिलेली असते. बहीण इंजिनिअरिंगला असती, ऑटोकॅड नाहीतर अँड्रॉइड स्टुडिओ लागणार असता तर मी म्हटलं असतं घ्या, कुठूनही दीड हजार आणा. टॅली-एक्सेलला तो जोर वापरलाच जाणार नाही आणि क्लासमध्ये प्लग शोधत बसावं लागेल.

ते पैसे असतील तर रॅमला वापरा. तुमच्या आय ३ मध्ये दुसरा स्लॉट रिकामा आहे, त्यात तशीच ८ जीबीची पट्टी टाकली की १६ होते आणि दोन पट्ट्या झाल्यामुळे ड्युअल चॅनल चालू होतं, म्हणजे रॅमचा रस्ता दुप्पट रुंद. आतल्या ग्राफिक्सलाही तीच रॅम वापरायची असते म्हणून व्हिडिओ वगैरेलाही फरक पडतो. फक्त एक, डीडीआर४ आहे की डीडीआर५ ते आधी बघा, १२१५यू दोन्हीवर येतो आणि एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. आणि रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून बरेच चढलेत, पूर्वी मी लोकांना सांगायचो की सहा महिन्यांनी टाका, स्वस्त होईल, आता तसं छातीठोक सांगत नाही. ८ वर सुरुवात करा, तिला अडायला लागलं की टाका, स्लॉट कुठे पळून जात नाही.

निळी_शाई

दादा, बिल करताना दोन गोष्टी विचारा. एक, विंडोज एस मोडमध्ये आहे का. असेल तर स्टोअरबाहेरचं सॉफ्टवेअर टाकता येत नाही, टॅली पण नाही. घाबरायचं कारण नाही, सेटिंगमधून फुकट बाहेर पडता येतं, फक्त परत एस मोडमध्ये जाता येत नाही आणि तशी गरजही नाही. दुसरं, सोबत ऑफिस कायमचं आहे की काही महिन्यांचं ट्रायल ते लिहून घ्या. आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर हवा, वॉरंटीला लागतो.

बार्शीचा_दादा

घेतला. आय ३ १२१५यू, ३६,५०० ला दिला, बॅग धरून. डीडीआर४ आहे, बिलावर सिरियल नंबर लिहून घेतला, ऑफिस कायमचं आहे, एस मोड होता तो तिथेच दुकानदाराकडून काढून घेतला. उरलेले साडेतीन हजार बाजूला ठेवलेत, रॅमसाठी.

काल रात्री दोघं बसलो होतो, तिने दुकानाची गेल्या वर्षाची खतविक्रीची एक्सेल फाईल उघडली, दुकानातल्या कॉम्प्युटरवर ती उघडायला लावून मी चहा घेऊन यायचो, इथे लगेच उघडली. आई बाजूला बसून बघत होती, तिला काय चाललंय ते कळत नव्हतं पण उठली नाही.

एकच राहिलं, मराठी टाईप कसं करायचं? दुकानदार म्हणाला वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागेल, आठशे रुपये.

वाणिज्य_मॅडम

अभिनंदन तुमचं आणि बहिणीचं! आठशे रुपये देऊ नका. सेटिंगमध्ये टाईम अँड लँग्वेज, तिथे ऍड अ लँग्वेज मधून मराठी घ्या, मग मराठीच्या समोरच्या तीन टिंबांतून कीबोर्ड ऍड करताना मराठी फोनेटिक निवडा. विंडोज आणि स्पेस दाबलं की इंग्रजी-मराठी बदलतं. इंग्रजी अक्षरांत नमस्कार टाईप केलं की मराठीत नमस्कार येतो. पहिले दोन दिवस जोडाक्षरं अडतील, मग बोटं बसतात.